हायब्रिड मोटार : इंधन नेमके कोठे वाचते?

यंत्र आणि माणूस यांच्या संबंधात एक भ्रम फार लवकर रुजतो. नवे यंत्र दाराशी आले की पुढचे सारे काम त्याने करावयाचे आणि आपण निश्चिंत राहावयाचे, असे माणूस मनाशी ठरवून टाकतो. अलीकडे शहरांतून दिसू लागलेल्या हायब्रिड मोटारींविषयी हेच घडत आहे. गाडी हायब्रिड आहे, तेव्हा पेट्रोल आपोआप वाचणार, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण ती चालवितात, आणि महिनाअखेर खर्चाचा आकडा पाहिला की यंत्राला दोष देतात. एकाच प्रकारच्या दोन गाड्या, एकाच रस्त्याने, सारख्याच रहदारीतून जात असता एकीला कमी आणि दुसरीला अधिक पेट्रोल का लागावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते तेथून काढून रस्त्यावर आणणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक विद्यार्थी आहेत, आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून त्यांनी मोटार हाती घ्यावयाची नाही, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय त्यांच्यापुढे ठेवण्यास कारण आहे. ज्या नियमाने मोटारीचे पेट्रोल वाचते त्याच नियमाने सायकलस्वाराचा दम वाचतो. आणि सायकल तर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे.

नाव आणि थोडा इतिहास

'हायब्रिड' हा शब्द आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आपल्या देशात आले, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतून त्या ज्वारीलाच 'हायब्रिड' म्हणू लागले. दोन जातींचे गुण एका बियाण्यात आणणे हा त्या शब्दाचा अर्थ. हायब्रिड मोटारीतही दोन कुळांचा संकर असतो : एक पेट्रोलचे इंजिन आणि दुसरी विजेची मोटर. ही कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. फर्डिनांड पोर्शे याने व्हिएन्ना येथील लोहनर यांच्या कारखान्यात १९०० साली अशी गाडी तयार केली होती. तीत इंजिनाने जनित्र फिरवून वीज उत्पन्न करावयाची व चाकांतील मोटरांनी गाडी ओढावयाची, अशी योजना होती. पण ती जड व महाग पडली, आणि पेट्रोल स्वस्त असल्यामुळे पुढे ही कल्पना मागे पडली. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा कंपनीने 'प्रियस' ही गाडी विक्रीस आणली, तेव्हा हायब्रिड मोटार प्रथमच मोठ्या संख्येने कारखान्यातून बाहेर पडू लागली.

आपल्या देशात मध्यम किंमतीच्या हायब्रिड गाड्यांना खरा वेग आला तो २०२२ साली. त्या वर्षी आलेल्या टोयोटाच्या 'हायरायडर' व मारुतीच्या 'ग्रँड व्हिटारा' ह्या जुळ्या बहिणी बंगळूरजवळील बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर कारखान्यात तयार होऊ लागल्या. ह्या नावातील 'किर्लोस्कर' शब्दाशी आमच्या बेळगावचे जुने नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ह्याच गावी सायकलींचे दुकान काढले, आणि त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात तेथे झाली. सायकलीच्या दुकानापासून हायब्रिड गाडीपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. पण सायकलीने शिकविलेला धडा मोटारीच्या चालकाला अद्याप उपयोगी पडतो, तो कसा ते आता पाहू.

पेट्रोल जाते कोठे?

चालत्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट केली की ती मिळते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,५०० किलोग्रॅम धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ह्या वेगाने चाललेल्या गाडीची गतिज ऊर्जा ७५,००० ज्यूल होते. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे दीडपट केला, की ऊर्जा सव्वादोनपट, म्हणजे १,६८,७५० ज्यूल होते. 'वेगाचा वर्ग' ह्या दोन शब्दांत केवढा खर्च दडलेला आहे, हे येथे दिसते.

आता ही गाडी साधी पेट्रोलची आहे असे समजा. पुढे लाल दिवा दिसला, चालकाने ब्रेक दाबला, गाडी थांबली. ७५,००० ज्यूल कोठे गेले? ब्रेकच्या घर्षणाने त्यांची उष्णता झाली व ती वाऱ्यावर गेली. दिवा हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा इंजिनाने पुन्हा नव्याने पुरवावयाची. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल ऊर्जा असते. परंतु शहरातील अडखळत्या चालीत साध्या इंजिनाला तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचविता येतो. त्या हिशेबाने एकदा थांबून पुन्हा ताशी ३६ चा वेग गाठण्यास सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल लागते. अडीच चमचे पेट्रोल म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण शहरात ८० ते ९० वेळा थांबलो की एक लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापविण्यात गेले! मोकळ्या हमरस्त्यावर गाडी जे पेट्रोल वाऱ्याशी झुंजण्यात खर्च करते, ते शहरात प्रामुख्याने थांबण्यात व पुन्हा निघण्यात खर्ची पडते.

यंत्र काय करते?

हायब्रिड गाडी ह्या नुकसानीवर तीन उपाय योजते. येथे आम्ही पूर्ण हायब्रिड गाड्यांविषयी, म्हणजे ज्या काही अंतर केवळ विजेवर चालू शकतात त्यांच्याविषयी बोलत आहोत. केवळ इंजिन सुरू करण्यास व थोडा हातभार लावण्यास लहान मोटर असलेल्या 'माइल्ड' हायब्रिड गाड्या निराळ्या.

पहिला उपाय अगदी सोपा : गाडी उभी असता इंजिन बंद ठेवणे. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी मालगाडीची वाट पाहणाऱ्या साध्या मोटारींचे इंजिन चालू राहिले, तर ते तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल एक पाऊलही पुढे न जाता जाळते. हायब्रिड गाडी तेथे मुकाट्याने उभी राहते.

दुसरा उपाय म्हणजे इंजिनाची जातच बदलणे. जेम्स अ‍ॅटकिन्सन ह्या इंग्रज अभियंत्याने १८८२ च्या सुमारास अशी युक्ती शोधली होती की, सिलिंडरातील वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा जास्त प्रसरण पावू द्यावा, म्हणजे त्याच्याकडून अधिक काम करून घेता येते. आजच्या गाड्यांत आत घेणारी झडप उशिरा मिटवून हा परिणाम साधतात. असे इंजिन पेट्रोल कमी खाते. पण सुरुवातीला ओढण्यास ते दुबळे असते. ती उणीव विजेची मोटर भरून काढते, कारण उभ्या स्थितीतूनही मोटर पुरा जोर लावू शकते. दोन कुळांच्या संकराचे खरे मर्म हे आहे.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. ब्रेक दाबला की प्रथम घर्षणाचे ब्रेक न लागता चाकांनी विजेची मोटर उलट फिरविली जाते, म्हणजे तीच जनित्र बनते. वीज तयार होते, ती बॅटरीत साठते, आणि गाडीचा वेग कमी होतो. जी ऊर्जा वाऱ्यावर जाणार होती तिच्यातील काही भाग अशा रीतीने परत मिळतो.

'काही भाग' ह्या शब्दांकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे.

पाच नाके

जुन्या काळी गावाच्या वेशीवर जकातीचा नाका असे. माल आत आला की जकात, बाहेर गेला की पुन्हा कटकट. गाडीच्या ऊर्जेलाही असेच नाके ओलांडावे लागतात. चाकाची गती जनित्रात जाते, हा पहिला नाका. जनित्रातील वीज बॅटरीला चालेल अशा रूपात आणावी लागते, हा दुसरा. बॅटरीत शिरून बाहेर पडणे हा तिसरा. तिचे रूप पुन्हा मोटरीसाठी पालटणे हा चौथा. आणि मोटरीतून चाकापर्यंत पोहोचणे हा पाचवा. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक नाक्यावर दहावा हिस्सा जातो असे समजू. मग १०० चे ९०, ९० चे ८१, ८१ चे ७३, ७३ चे ६६ आणि ६६ चे ५९ राहतात. म्हणजे १०० भाग गती ब्रेकने अडविली, तर पुन्हा चाकाशी येताना तिचे ५९ च भाग उरतात. ४१ भाग जकातीत गेले.

बॅटरी तरी केवढी असते? वर सांगितलेल्या दोन गाड्यांतील बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची आहे. आपल्या घरच्या वीजबिलाच्या भाषेत ती पाऊण युनिट झाली. तेवढ्या विजेवर १०० वॉटचा दिवा साडेसात तास जळेल. ती पुरी भरली तरी तिच्यातील ऊर्जा एका लिटर पेट्रोलमधील ऊर्जेच्या बाराव्या हिश्श्याएवढीच असते. ही बॅटरी म्हणजे तिजोरी नव्हे, सुट्या पैशांचा कसा आहे. शिवाय ती घरच्या विजेवर भरत नाही. तिच्यात येणारा प्रत्येक ज्यूल आरंभी पेट्रोलच्या टाकीतूनच निघालेला असतो.

ह्यावरून सिद्धांत असा निघतो : ब्रेकने परत मिळविलेली ऊर्जा चांगली, पण मुळात न गमावलेली ऊर्जा तिच्यापेक्षा केव्हाही चांगली. यंत्र आपली उधळपट्टी थोडीशी भरून देते. उधळपट्टी टाळणे हे मात्र चालकाच्या पायाचे व डोळ्यांचे काम आहे.

पायाने शिकावयाचे धडे

पहिला धडा : लांब पाहावे. सायकलस्वार दूरवर फाटक पडताना पाहतो आणि तेथूनच पायडल मारणे थांबवितो. फाटकापर्यंत जोराने जाऊन तेथे ब्रेक दाबण्याचा वेडेपणा तो करीत नाही, कारण गती मिळविण्याचे कष्ट त्याच्या स्वतःच्या पोटऱ्यांनी घेतलेले असतात. मोटारीच्या चालकाला ते कष्ट जाणवत नाहीत, म्हणून तो ते विसरतो. दोनशे पावलांवर लाल दिवा दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय तेथेच हलका करावा. गाडी सरकत जाऊ द्यावी. समजा, सेकंदाला १० मीटरचा वेग ७ मीटरवर आला आणि तेवढ्यात दिवा हिरवा झाला. ७ चा वर्ग ४९. म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा गाडीच्या अंगी शिल्लक आहे, आणि ती एकही नाका न ओलांडता शिल्लक आहे. तोच चालक दिव्यापर्यंत जोराने येऊन थांबला असता, तर त्याला शून्यापासून आरंभ करावा लागला असता.

दुसरा धडा : थांबणे अटळ असेल तर ब्रेक लवकर व हलका दाबावा. ताशी ३६ च्या वेगाने येणारी गाडी १० सेकंदांत सारखी मंद करीत थांबविली तर तिला ५० मीटर लागतात, आणि आरंभी बॅटरीकडे १५ किलोवॉटचा प्रवाह जाऊ पाहतो. तीच गाडी ३ सेकंदांत थांबविली तर अंतर १५ मीटर. पण आरंभीचा प्रवाह ५० किलोवॉट! लहान तोंडाच्या घागरीवर धबधबा सोडला तर पाणी घागरीत किती जाईल व बाहेर किती सांडेल, ह्याची कल्पना करावी. बॅटरीला न झेपणारा हा लोंढा घर्षणाच्या ब्रेकवर वळविला जातो व त्याची उष्णता होते. ह्या गाड्यांत चालकासमोरील काटा ब्रेक लावताना 'चार्ज' ह्या भागात जातो. तो त्या भागात मध्यावर राहील असा पाय ठेवावा. टोकाला जाऊन टेकला की सांडणे सुरू झाले असे समजावे. अर्थात समोर अचानक कोणी आले तर हा सारा विचार बाजूस ठेवून ब्रेक पूर्ण दाबावयाचा, हे सांगावयास नकोच. माणसाच्या जिवापुढे पेट्रोलचा हिशेब नाही.

तिसरा धडा : पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. ताशी ३६ च्या वेगाला ते ३० मीटर होते. असे अंतर ठेवले की कोणी दुचाकीस्वार मध्ये घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावा, पुन्हा थोडे मागे राहावे. त्याने आपले दोन सेकंद नेले, पण अंतर असल्यामुळे पुढचे वाहन जितक्या वेळा ब्रेक दाबते तितक्या वेळा आपल्याला दाबावा लागत नाही. इंधनाची बचत आणि सुरक्षितता ह्या ठिकाणी एकाच वाटेने चालतात.

चौथा धडा : निघताना अति जोर नको व अति भितरेपणाही नको. अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबला तर इंजिन ओरडते व पेट्रोल उधळते. मध्यम जोराने निघावे, इच्छित वेग गाठावा, आणि मग पाय हलका करून तो वेग टिकवावा. इंजिनाला मध्यम ओझे मानवते. अगदी हलके व अगदी जड अशी दोन्ही ओझी त्याच्या कार्यक्षमतेला मारक ठरतात.

तीन गैरसमज

ह्या चौथ्या धड्याशी एक गैरसमज जोडलेला आहे. इंजिन सुरू होऊ न देण्यातच बचत आहे असे समजून काही चालक पायाने पिसासारखा स्पर्श करीत, मागच्या रांगेचे शिव्याशाप घेत, विजेवर रांगत राहतात. आपण वर पाहिलेच की ती वीज पेट्रोलातूनच आलेली असते. कसा रिकामा झाला की इंजिनाला सुरू होऊन तो भरावाच लागतो, आणि मग त्या ऊर्जेला पुन्हा नाके ओलांडावे लागतात. केवळ विजेवर चालण्यासाठी जे बटण असते ते पहाटे गल्लीतून आवाज न करता बाहेर पडण्यास किंवा गाडी आत लावण्यास उपयोगी आहे. बचतीचे ते साधन नव्हे. इंजिन केव्हा चालवावे हे ठरविण्याचे काम यंत्र चांगले करते. ते त्याच्याकडेच सोपवावे.

दुसरा गैरसमज 'न्यूट्रल'चा. जुन्या गाड्यांवर शिकलेले चालक सिग्नलला किंवा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. हायब्रिड गाडीत न्यूट्रल घातले की बॅटरी भरण्याची क्रिया बंद पडते; उतारावर फुकट मिळणारी वीज हातची जाते, आणि गाडीवरील ताबा कमी होतो तो निराळाच. सिग्नलला गाडी 'डी' मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा. ज्या गाड्यांत 'बी' असे चिन्ह असते त्यांत ते लांब उतारासाठी असते. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याकडे उतरताना बॅटरी भरून जाते व आणखी वीज घेण्यास जागा राहत नाही. तेव्हा इंजिनाच्या अडथळ्याने वेग आवरण्यास 'बी' उपयोगी पडते. शहरात नेहमीसाठी ते वापरू नये.

तिसरा गैरसमज वातानुकूलनाचा. हायब्रिड गाडीत थंडावा विजेवर चालतो, म्हणून तो फुकट आहे असे वाटते. उन्हात तापलेल्या गाडीला थंड ठेवण्यास सुमारे १ किलोवॉट शक्ती लागते असे धरले, तर पाऊण युनिटाच्या बॅटरीतील निम्मी वीज वीस-बावीस मिनिटांत संपेल. म्हणूनच वैशाखात उभ्या गाडीचे इंजिनही मधूनमधून सुरू होते, आणि मालक चकित होतो. गाडी सावलीत लावावी, निघताना काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि थंडावा २५-२६ अंशांवर ठेवावा. घाम पुसत बसण्याची काटकसर कोणी करू नये. पण गाडीत स्वेटर घालण्याइतका गारठाही नको.

गाडीची निगा

टायरमधील हवा कमी असली की सायकल जड चालते, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मोटारीचेही तसेच आहे; फरक एवढाच की तेथे पाय दुखत नाहीत. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर हवेचा दाब लिहिलेला असतो. टायर थंड असताना, निदान महिन्यातून एकदा तो पाहावा. डिकीत पडून राहिलेले जड सामान काढून टाकावे, कारण प्रत्येक सिग्नलला त्याचेही वस्तुमान नव्याने गतीस आणावे लागते. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनापाशी बॅटरी थंड ठेवण्यासाठी हवेची जाळी असते. तिच्यावर दप्तर, चादर किंवा बाजाराची पिशवी टाकू नये. बॅटरी तापली की तिचे रक्षण करण्यासाठी यंत्र विजेची देवघेव कमी करते.

आणखी एक गोष्ट. थंड इंजिन पेट्रोल अधिक खाते. धूर शुद्ध करणारे उपकरणही तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणून सकाळी दूध, दुपारी टपाल व संध्याकाळी भाजी अशा तीन छोट्या फेऱ्यांपेक्षा तिन्ही कामांची एक फेरी बरी. आणि अर्ध्या मैलावरच्या दुकानाला सायकलीने गेल्यास कोणत्याही हायब्रिड गाडीला तुमची बरोबरी करता येणार नाही.

हिशेब कसा ठेवावा?

ह्या सर्व उपायांचा परिणाम खरोखर होतो काय, हे आकड्यांनीच ठरवावे. वर सांगितलेल्या गाड्यांना २०२२ साली चाचणीत लिटरला २७.९७ किलोमीटर असा आकडा मिळाला होता. ती चाचणी ठराविक नियमांनी, ठराविक वेगाने झालेली असते. तिच्यावरून दोन गाड्यांची तुलना करता येते. आपल्या चौकातील रहदारीची हमी तिच्यात नसते. आपला आकडा आपणच काढावा. टाकी पूर्ण भरावी व मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. मधले अंतर ६१२ किलोमीटर व भरलेले पेट्रोल ३०.६ लिटर असेल, तर लिटरला २० किलोमीटर झाले. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच वेळांची सरासरी घ्यावी.

हा आकडा वाचताना एक सापळा टाळावा. लिटरला १० चे १२ किलोमीटर झाले आणि २० चे २२ झाले, ह्यांत सुधारणा सारखीच दिसते. पण १,००० किलोमीटरचा हिशेब करून पाहा. पहिल्या गाडीचे १०० लिटर होते ते ८३.३ झाले, वाचले १६.७ लिटर. दुसरीचे ५० होते ते ४५.५ झाले, वाचले अवघे ४.५ लिटर. म्हणून '१०० किलोमीटरला किती लिटर' असा उलटा हिशेब ठेवणे अधिक प्रामाणिक. जुनी, जास्त पेट्रोल खाणारी साधी गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांनी निराश होऊ नये. लांब पाहण्याचा व हलक्या पायाचा धडा त्यांना हायब्रिडच्या मालकापेक्षाही अधिक लाभ देईल, कारण त्यांच्या ब्रेकखाली गेलेल्या १०० भागांपैकी एकही भाग परत येत नसतो.

बचतीचा अर्थ केवळ पैशात मोजून भागत नाही. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो. शिवाय एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ६४० ग्रॅम कार्बन असतो. जळताना त्याला हवेतील प्राणवायू येऊन मिळतो व सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोग्रॅम पेट्रोलमधून सव्वादोन किलोग्रॅमहून अधिक वायू कसा निघाला, हे कोडे रसायनशास्त्राच्या तासाला सोडविण्याजोगे आहे. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लिटरमागे १८ ऐवजी २२ किलोमीटर मिळू लागले, तर सुमारे ८१ लिटर पेट्रोल आणि त्याबरोबर १८६ किलोग्रॅम वायू वाचतो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर मोटारींची रांग लागते आणि तिच्या धुरातून सर्वांत लहान मुले वाट काढीत जातात. त्यांच्या दृष्टीने ह्या आकड्याला मोल आहे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवितो. ज्यांना मोटारीने जाण्याचा योग येतो त्यांनी मागच्या आसनावर बसून एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात गाडी पूर्ण थांबली ती वेळ, दुसऱ्यात वेग नुसता मंदावून ती पुढे गेली ती वेळ, आणि तिसऱ्यात ब्रेक एकदम जोराने दाबला गेला ती वेळ, अशा खुणा कराव्यात. बसने येणाऱ्यांना बसमध्येही हे करता येईल. आठवडाभर एकाच रस्त्याच्या नोंदी ठेवाव्यात, आणि मग वर दिलेल्या रीतीने किती ज्यूल जिरले, किती परत आले असावेत व किती मुळातच वाचले, हे काढावे. वडीलधाऱ्यांना उपदेश करण्याची गरज पडणार नाही. वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली तरी पुरे आहे.